नापासांनी मांडलेला हिशेब

मे १९६७ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले. नाव होते ‘एका शिक्षिकेला पत्र’. लेखकाच्या जागी कुणा व्यक्तीचे नाव नव्हते, ‘बार्बियानाची शाळा’ एवढेच छापले होते. पत्र लिहिणारी आठ मुले डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या घरांतली होती, आणि ज्या बाईंना उद्देशून ते लिहिले होते त्यांनी त्यांच्यातल्या मुलांना परीक्षेत नापास केले होते.

या पुस्तकाला पुढे एक पारितोषिक मिळाले. ते साहित्याचे नव्हते, शिक्षणशास्त्राचेही नव्हते. ते दिले इटलीच्या फिजिकल सोसायटीने. एरवी होतकरू भौतिकशास्त्रज्ञाला मिळणारे हे पारितोषिक पुस्तकातल्या संख्याशास्त्रीय कामासाठी देण्यात आले. ज्यांना शाळेने ‘तुम्ही शिकण्याच्या लायकीचे नाही’ असे सांगितले होते, त्यांच्या आकडेमोडीची दखल भौतिकशास्त्रज्ञांनी घेतली.

माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांना बोलते करावे, शाळेच्या कारभारात त्यांचे म्हणणे ऐकावे, असे आपण आता प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. त्यासाठी सूचनापेटी लावतो, विद्यार्थी मंत्रिमंडळ निवडतो, ५ सप्टेंबरला एक दिवस शाळा मुलांच्या हाती देतो. हे उपक्रम चांगलेच आहेत. परंतु मुलांचा आवाज म्हणजे नेमके काय, तो कशाने तयार होतो, आणि तो कोणाचा असतो, हे प्रश्न त्यांतून सुटत नाहीत. बार्बियानाच्या गोष्टीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडण्याजोगी आहेत, म्हणून ती थोडी तपशिलात पाहू.

डोंगरावरची शाळा

लोरेन्झो मिलानी यांचा जन्म १९२३ साली फ्लॉरेन्समधल्या एका सधन, सुशिक्षित कुटुंबात झाला. पणजोबा नामांकित भाषापंडित होते. तरुणपणी मिलानी चित्रकलेकडे वळले, आणि मग विसाव्या वर्षी ते सारे सोडून धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाले. १९४७ साली दीक्षा मिळाल्यावर फ्लॉरेन्सजवळच्या काल्येन्झानो येथे त्यांनी तरुण कामगार व शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. तिथे कोणत्याही पक्षाचा, श्रद्धाळू वा अश्रद्ध, कुणीही येऊ शकत असे. चर्चमधल्या वरिष्ठांना हे रुचले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये मिलानींची बदली बार्बियानाला झाली.

बार्बियाना हे खरे तर गावही नव्हते. मुजेल्लो खोऱ्यातल्या डोंगरावर एक चर्च आणि रानात विखुरलेली काही घरे, एवढीच वस्ती. तिथवर धड रस्ता नव्हता, वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. माणसे डोंगर सोडून शहराकडे चालली होती. प्राथमिक शाळा होती ती पाच इयत्तांना मिळून एका बाईंची. पाचवीनंतर मुले गुरांमागे जात, किंवा खालच्या गावातल्या शाळेत जाऊन नापास होऊन परत येत.

मिलानींनी चर्चच्या खोल्यांत शाळा सुरू केली. ती दिवसाचे बारा तास चाले, आणि वर्षाचे ३६५ दिवस. सुटी नाही. मुलांची त्याबद्दल तक्रार नव्हती, कारण सुटी म्हणजे शेण काढणे हे त्यांना ठाऊक होते. एका पुस्तकाची बहुधा एकच प्रत असे आणि मुले तिच्याभोवती गोळा होत. मोठी मुले धाकट्यांना शिकवत. ज्याला कळले नाही त्याच्यासाठी सगळे थांबत. भिंतीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिलेले होते, ‘आय केअर’, म्हणजे ‘मला याची पर्वा आहे’. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि अडलेला प्रत्येक शब्द उकलल्याशिवाय पुढे जायचे नाही असा शिरस्ता होता. वर येणाऱ्या पाहुण्याला, मग तो पत्रकार असो वा डॉक्टर, मुले प्रश्न विचारून भंडावून सोडत. कार्यशाळेत मुले शिकण्याची साधने स्वतः बनवत, आणि भिंतींवर त्यांनीच काढलेले नकाशे व आलेख लावलेले असत.

गरीब मुलाला मागे ठेवते ती त्याची बुद्धी नव्हे, शब्दांची टंचाई, असे मिलानींचे ठाम मत होते. जो स्वतःचे म्हणणे मांडू शकतो आणि दुसऱ्याचे समजू शकतो तोच बरोबरीचा नागरिक. म्हणजे मुलांचे ‘ऐकून घेणे’ एवढे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. ऐकण्याजोगे बोलता येण्याची साधने मुलांच्या हाती देणे, हे ते शाळेचे काम मानत.

सगळ्यांनी मिळून लिहायचे

या साधनांपैकी एक साधन बाहेरून आले, आणि त्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागून परतलेले सेलेस्तँ फ्रेने हे फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षक झाले. जखमी फुफ्फुसामुळे त्यांना तासन्‌तास बोलून शिकवणे जमत नसे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक छोटा छापखाना आणला. मुलांनी स्वतःच्या अनुभवाचे लिहायचे, त्यातले निवडक वर्गाने मिळून सुधारायचे, खिळे जुळवून छापायचे आणि दूरच्या शाळेला टपालाने पाठवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत या पद्धतीने काम करणाऱ्या शिक्षकांचा एक गट उभा राहिला. वो नावाच्या खेड्यातले प्राथमिक शिक्षक मारियो लोदी हे त्यांपैकी एक. १९६३ च्या उन्हाळ्यात लोदी बार्बियानाला आले. मग दोन्ही शाळांतल्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. बार्बियानाच्या मुलांनी आपण शाळेत का येतो हे वोच्या मुलांना कळवायचे ठरवले, आणि ते एकट्या-दुकट्याने न लिहिता सगळ्यांनी मिळून लिहिले. त्याच पद्धतीने पुढे ‘एका शिक्षिकेला पत्र’ तयार झाले.

पद्धत अशी. प्रत्येकाच्या खिशात एक वही. सुचले की टिपायचे. एका कागदावर एकच मुद्दा, आणि तोही कागदाच्या एकाच बाजूला. बरेच कागद जमले की ते मोठ्या टेबलावर पसरायचे. दोनदा आलेले बाजूला काढायचे. जवळचे मुद्दे एकत्र करून ढीग लावायचे. हे झाले प्रकरण. प्रत्येक ढिगाचे आणखी छोटे ढीग. हे झाले परिच्छेद. मग प्रत्येक परिच्छेदाला नाव देऊन पाहायचे. नाव देता आले नाही तर एक तर त्यात काही नाही, किंवा फार गोष्टी कोंबल्या आहेत. क्रम ठरला की कच्चा मसुदा लिहून सायक्लोस्टाइल करायचा, म्हणजे सर्वांसमोर एकेक प्रत. मग कात्री, डिंक आणि रंगीत पेन्सिली घेऊन काटछाट सुरू. जादा विशेषण, पुनरुक्ती, अवघड शब्द, लांबलेले वाक्य, एका वाक्यात दोन कल्पना आणि खोटे, हे सगळे शोधून काढण्याची जणू शर्यतच लागे. शेवटी फारसे न शिकलेल्या माणसांना बोलावून मजकूर वाचायला द्यायचा. त्यांना जिथे कळत नाही तिथे दोष लेखनाचा. ‘जरा जपून लिहा’ असा सल्ला कुणी दिला तर मात्र तो सोडून द्यायचा.

विज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला यात ओळखीचे बरेच काही दिसेल. शोधनिबंधही असाच तयार होतो: नोंदवहीतल्या सुट्या नोंदी, त्यांचे वर्गीकरण, सहकाऱ्यांची कात्री, मग परीक्षकाची तपासणी. फरक एवढाच की बार्बियानाचा परीक्षक तज्ज्ञ नसून कमी शिकलेला माणूस होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या पद्धतीत सर्वांत धीट मुलाचा आवाज इतरांवर चढत नाही. लाजऱ्या मुलाची चिठ्ठीही टेबलावर तेवढीच जागा घेते. आपल्या वर्गात चर्चा घेताना हात वर करणारी तीच चार मुले बोलतात, हा आपला नेहमीचा अनुभव. त्यावर हा एक साधा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

वर्गातून न दिसणारी गळती

आता पत्राच्या विषयाकडे वळू. इटलीत ३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने अकरा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांसाठी एकच माध्यमिक शाळा सुरू झाली. पाच वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे माध्यमिक असे आठ वर्षांचे सक्तीचे शिक्षण कागदावर सर्वांना मिळाले. बार्बियानाच्या मुलांचा प्रश्न साधा होता. शाळा सर्वांसाठी असेल, तर शेवटपर्यंत पोचते कोण?

पत्रात दोन मुले वारंवार भेटतात. एक ज्यान्नी, गरीब घरातला, सारखा नापास होणारा. दुसरा डॉक्टरांचा पिएरिनो, घरूनच वाचायला शिकून आलेला आणि म्हणून थेट दुसरीत बसलेला. मात्र मुले गोष्ट सांगून थांबली नाहीत. सरकारी सांख्यिकीची वार्षिके घेऊन त्यांनी एका वर्षी पहिलीत दाखल झालेल्या पिढीचा माग वरपर्यंत काढला. नापास झालेल्यांचे वय आणि वडिलांचा व्यवसाय यांचे तक्ते मांडले. गळणाऱ्यांत शेतकऱ्यांची व मजुरांची मुले किती आणि वरच्या थरातली किती, हे आकड्यांतून दाखवले.

या कामात नवे काय होते? शिक्षकाला दिसतो तो एका वर्षाचा एक वर्ग. पिढीचा माग काढल्यावर दिसते ते चित्र वेगळेच असते. हे समजण्यासाठी एक छोटा हिशेब करू. (हे आकडे पुस्तकातले नाहीत, समजण्यासाठी घेतले आहेत.) समजा प्रत्येक इयत्तेत शेकडा फक्त १० मुले नापास होतात. चाळीसच्या वर्गात चार. कोणत्याही शिक्षकाला हा निकाल कठोर वाटणार नाही. उलट ‘माझा निकाल ९० टक्के’ असे तो समाधानाने सांगेल. आता पहिलीतली १०० मुले घ्या आणि एकदाही नापास न होता पुढे जाणारी मोजा. पहिल्या वर्षाअखेर ९०, मग ८१, ७३, ६६, ५९, ५३, ४८ आणि आठव्या वर्षाअखेर ४३. आठही शिक्षकांचा निकाल ९० टक्के, आणि तरी निम्म्याहून अधिक मुले कुठे ना कुठे अडखळलेली.

मग वर्ग रिकामे का दिसत नाहीत? कारण वरून नापास होऊन त्याच इयत्तेत राहिलेली मुले येऊन बसतात. पटसंख्या जवळपास तीच राहते आणि चेहरे बदलतात. वर्षभर मागे पडलेली, वयाने मोठी झालेली मुले एक दिवस येईनाशी होतात. ती कामाला लागतात. पुढच्या बाईंनी त्यांना पाहिलेलेच नसते, म्हणून त्यांची उणीव भासत नाही. जाणीवपूर्वक अन्याय कुणीच करत नाही, पण एकूण बेरीज अन्यायाची होते. एकेका वर्गात उभे राहून जे दिसणार नाही ते संख्याशास्त्राने दिसते, आणि या मुलांनी नेमके तेच पाहिले.

आवाजाच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. शाळा कशी वाटते हे विचारायला आपण वर्गात जातो. तिथे असतात ती टिकलेली मुले. ज्यांना शाळेने सर्वांत जास्त दुखावले ती त्या दिवशी वर्गात नसतात. नमुना-निवडीतला हा दोष संशोधकाला परिचित आहे. दवाखान्याबद्दलचे मत फक्त बऱ्या झालेल्यांना विचारावे तसा तो प्रकार. गैरहजर मुलांचे म्हणणे ऐकण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांना शोधून काढणे, आणि दुसरा म्हणजे त्यांना मोजणे. बार्बियानाने दोन्ही केले.

गणिताच्या परीक्षेबद्दलही मुलांनी असेच लिहिले आहे. एका प्रश्नात वृत्तचितीवर अर्धगोल ठेवलेला होता, आणि पृष्ठफळांवरून गणित सोडवायचे होते. मुलांचा आक्षेप असा की पृष्ठफळ थेट मोजणारे साधनच अस्तित्वात नाही; लांबी-रुंदी आधी मोजावी लागते. मग पृष्ठफळ ठाऊक आणि मापे मात्र ठाऊक नाहीत, अशी वेळ प्रत्यक्षात येईल कशी? असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारला तर आपण त्याला उद्धट म्हणू की चांगला निरीक्षक म्हणू, याचा ज्याने त्याने विचार करावा.

मुलांनी मागितले काय

पत्राच्या शेवटी तीन सुधारणा सुचवल्या होत्या. सक्तीच्या शिक्षणात नापास करू नका. जी मुले मंद वाटतात त्यांना दिवसभराची शाळा द्या. आणि जी आळशी वाटतात त्यांना शिकण्यासाठी काही ध्येय द्या. या मागण्यांतही तर्क आहे. पिएरिनोला घरी पुस्तके आहेत, बोलणारी माणसे आहेत. ज्यान्नीला जे मिळायचे ते शाळेतच मिळेल. म्हणून त्याला शाळा जास्त हवी, आणि नापास केल्याने नेमकी तीच कमी होते.

पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा मिलानी कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. २६ जून १९६७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, ते वारले. पुढच्याच वर्षी युरोपभर विद्यार्थ्यांची आंदोलने उसळली आणि इटलीत हे पुस्तक हातोहात फिरले. १९७१ साली प्राथमिक शाळांत पूर्ण दिवसाच्या शाळेची सोय कायद्याने झाली. १९७४ च्या फर्मानांनी शाळांच्या समित्यांवर पालक आले आणि वरच्या माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही बसू लागले. १९७७ च्या कायद्याने प्राथमिक व निम्न माध्यमिक स्तरावरच्या फेरपरीक्षा रद्द झाल्या. हे सगळे एका पुस्तकामुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; संघटना, पालक, पक्ष, शिक्षक असे अनेक जण त्यासाठी झटत होते. पण वादाची भाषा आणि पुरावा पुरवण्याचे श्रेय या आठ मुलांना द्यावेच लागेल.

काही आक्षेप

या शाळेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मिलानींची शिस्त अत्यंत कडक होती. आज आपण ज्याला मुलांच्या मर्जीने चालणारी शाळा म्हणू तशी ती मुळीच नव्हती. मुली फार थोड्या होत्या, आणि खालच्या गावातून एकही मुलगी वर आली नाही ही नोंद पत्रात मुलांनीच केली आहे. पत्राचा सूर अनेक कष्टाळू शिक्षकांना जिव्हारी लागला. चाळीस मुलांच्या वर्गात एकटीने झगडणाऱ्या बाईंवर साऱ्या व्यवस्थेचे खापर फोडले, असे त्यांना वाटले, आणि ते अगदीच चूक होते असे नाही. चौथा आक्षेप लेखकपणाचा. यात मुलांचे किती आणि गुरूचे किती? मिलानी म्हणत की लेखक मुलेच आहेत; वाचणाऱ्या अनेकांना त्यांचा हात जागोजाग जाणवतो.

हा शेवटचा आक्षेप आपल्यालाही लागू पडतो. विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या भाषणात शिक्षकाचा हात किती, हे स्नेहसंमेलनात बसलेल्या कुणालाही ओळखता येते. आकडे मात्र कुणाच्याही हातचे असले तरी तपासता येतात. बार्बियानाच्या तक्त्यांना पारितोषिक मिळाले ते मुलांविषयीच्या कौतुकाने नव्हे. कुणीही पुन्हा करून पाहावा असा तो हिशेब होता, म्हणून. विद्यार्थ्याच्या आवाजाला वजन येते ते इथे. ‘मला असे वाटते’ याला मोठी माणसे मान डोलावून पुढे जाऊ शकतात. ‘आम्ही मोजले, आणि असे निघाले’ याला उत्तर द्यावे लागते.

आपल्या जनरल रजिस्टरमध्ये

या पुस्तकाचा मराठी अनुवाद ‘प्रिय बाई’ या नावाने झाला आहे, आणि अनेक शिक्षकांनी तो वाचलाही असेल. १९८९ च्या बालहक्क संहितेने स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क मुलांना दिला. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवू नये असे म्हटले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत पुन्हा परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. या वादात दोन्ही बाजूंनी शिक्षक बोलले, अधिकारी बोलले, पालक बोलले. ज्यांना मागे ठेवायचे की नाही हा प्रश्न होता, ती मुले फारशी कुठे बोलताना दिसली नाहीत.

त्यांना बोलते करण्याची सुरुवात आपल्या शाळेतल्या कपाटापासून होऊ शकते. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. कोण कधी दाखल झाले आणि शाळा सोडल्याचा दाखला कधी घेतला, याची त्यात नोंद असते. मुख्याध्यापकांच्या संमतीने, नावे पूर्णपणे झाकून, केवळ आकडे काढून ते नववीच्या मुलांच्या हाती द्यावेत. पाचवीत दाखल झालेल्या एका वर्षाच्या तुकडीचे दहावीपर्यंत काय झाले, हे त्यांनी शोधावे. नव्याने आलेले वेगळे मोजावेत, दुसऱ्या शाळेत गेलेले वेगळे, आणि ज्यांचे काय झाले हे नोंदीवरून कळत नाही ते वेगळे. मुली आणि मुलगे यांचे दोन आलेख काढावेत. रेषा कोणत्या इयत्तेला खाली वळते ते पाहावे. नववीच्या संख्याशास्त्राच्या प्रकरणाला याहून चांगला प्रकल्प शोधून सापडणार नाही.

मग कारणांचा शोध. एसटीची वेळ, धाकट्या भावंडाचा सांभाळ, ऊसतोडीचा हंगाम, गणिताची भीती, शौचालय, कुणाचा तरी टोचून बोललेला शब्द. एकेका चिठ्ठीवर एकेक कारण. चिठ्ठ्या टेबलावर पसरा, ढीग लावा, मसुदा करा, आणि तो शाळा व्यवस्थापन समितीपुढे मुलांनाच वाचू द्या. वाचण्याआधी गावातल्या कमी शिकलेल्या दोन माणसांना तो ऐकवा.

यात एक धोका आहे आणि तो आधीच ओळखून ठेवावा. हिशेब नीट केला तर त्यातले काही आकडे आपल्या वर्गाचे, आपल्या विषयाचे निघतील. तेव्हा ‘जरा जपून लिहा’ असे सांगण्याचा मोह होईल. त्या क्षणी आपण काय करतो यावरच मुलांना कळेल की त्यांचे म्हणणे आपल्याला खरोखर ऐकायचे होते की नव्हते.